एका डब्यातले दोन सुरेश

प्रोग्रॅम चालवला आणि स्क्रीनवर चूक झाल्याचा इशारा आला, की मला हायसं वाटतं. दिसलेली चूक दुरुस्त होते. मला भीती वाटते ती स्क्रीन अगदी स्वच्छ असते तेव्हा. सगळं ठीक चाललंय असं ती सांगत असते, आणि मला त्या स्वच्छतेवर विश्वास ठेवायला जमत नाही. ही भीती मला जन्मजात नव्हती. हिंगणघाटातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये काम करताना ती मनात बसली, आणि ती कशी बसली तेवढंच मी इथे सांगणार आहे. अजून तिशीही न गाठलेल्या माणसाने अनुभवकथन लिहू नये असं माझं मत मी संपादकांना कळवलं होतं. त्यांनी ते मानलं नाही.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील शाळामास्तर, पण त्यांचा खरा जीव पत्रकात. ट्रेडल छापयंत्रावर छापलेला, शाईचा वास येणारा गठ्ठा ते सायकलला बांधून आणत आणि आई व मी घड्या घालत बसू. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. 'अन्याय' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी वाचता यायचा. पत्रकाखाली वडील स्वतःचं नाव आणि आजोबांचं नाव लिहीत, आडनाव कधीच नाही. "आडनाव सांगितलं की आपण बोलायच्या आधीच लोक आपल्याला तोलून मोकळे होतात," असं ते म्हणत. मीही कॉलेजात गेल्यापासून आडनाव लावणं सोडलं.

कॉम्प्युटर सेंटर रमेशभाऊंचं. घराणं किराणा व्यापाऱ्यांचं, पण यांनी तराजू भावाकडे सोपवून कॉम्प्युटर मांडले. झेरॉक्स, टायपिंग, परीक्षेचे निकाल, आणि मी आल्यापासून वेबसाइट. मला ते 'पत्रकवाले' म्हणत.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वेबसाइटवर यादी दाखवायची तर ती आधी कॉम्प्युटरच्या डोक्यात मांडून ठेवावी लागते. या मांडणीला आम्ही अ‍ॅरे म्हणतो. म्हणजे डब्यांची फळीच समजा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठी वाचूनच डबा सापडायचा. डब्यात दुसरे डबे ठेवता येतात, त्या डब्यांत आणखी डब्या. याला नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात. मी ज्या पीएचपी भाषेत काम करायचो, ती फार आज्ञाधारक. नसलेल्या डब्यात काही ठेव म्हटलं, तर डबा आपणच तयार करते. आणि भरलेल्या डब्यात काही ठेव म्हटलं, तर आतलं काढून फेकते आणि नवं ठेवते. माझ्या आईला तिखटाच्या डब्यात हळद ओतायला सांगितलं, तर ती आधी सांगणाऱ्याला झापेल. पीएचपी चकार शब्द काढत नाही.

डब्यात डबा घालायची उत्तम शिकवणी मला एका गिऱ्हाइकाने दिली. एका समाजमंडळाचे सचिव होते, धोतर-कोटातले, बोलायला फार गोड. त्यांना वधूवरांची वेबसाइट हवी होती.

"पहिले जात टाका," ते म्हणाले. "जातीच्या आत पोटजात. पोटजातीच्या आत घराणी. घराण्यात मुलं-मुली."

"आणि एखादी मुलगी या डब्यातून त्या डब्यात गेली तर?"

"ती जाईनच कशी?" त्यांनी खरंच आश्चर्याने विचारलं.

मी काम नाकारलं. नुसतं नाकारलं नाही, भाषणही दिलं. ते गेल्यावर रमेशभाऊ म्हणाले, "पत्रकवाले, गिऱ्हाईक म्हणजे देव असते."

"तुमचा देव पोटजात विचारतो, भाऊ."

"माह्या देवाचं मी पाहून घेईन. तू तो प्रिंटर चालू कर, सकाळपासून बंद पडून राह्यला."

त्या दिवशी घरी जाताना मला फार ताठ वाटत होतं. खोटं कशाला बोलू, तो ताठा मला आवडलाही होता.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही रक्तदात्यांची यादी करायला घेतली. 'आम्ही' म्हणजे मी आणि शोभाताई. शोभाताई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गावोगावच्या शिबिरांमध्ये लोकांचे रक्तगट तपासले जात, फॉर्म भरले जात, आणि ते फॉर्म नंतर कुणाच्या तरी कपाटात पडून राहत. गरज पडली की नातेवाईक रस्त्याने भेटेल त्याला विचारत फिरत. शोभाताईंनी असे फॉर्म गोळा केले, रमेशभाऊंनी कॉम्प्युटर आणि फोन वापरायला दिला, मी वेबसाइट बनवली. वडनेर, अल्लीपूर, गिरड, अशी गावागावांची नावं. गाव निवडलं की त्या गावातले दाते आणि त्यांचे गट समोर.

फॉर्मवर आडनावाचा रकाना होता. मी तो यादीत घेतलाच नाही. रक्ताच्या यादीत तरी आडनाव नको, असं मी ठरवलं. गावाचा डबा, त्यात माणसाचा डबा, आणि त्याच्यावर चिठ्ठी स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाची. आत दोन डब्या: एकीत रक्तगट, एकीत फोन.

शोभाताईंनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. "आडनाव काऊन काढलं, बापू? एका गावात दहा सुरेश असतात."

"वडिलांचं नाव आहे ना, ताई."

"वडीलही दहा महादेव असतात."

मी त्यांना रक्ताला जात नसते यावर एक छोटं व्याख्यान दिलं. आयुष्यभर जिने रक्ताच्या बाटल्या टांगल्या, त्या बाईला मी हे सांगत होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरं बाप्पा."

तो दिवस ऑक्टोबरातला. सकाळचे अकरा वाजले असतील. रमेशभाऊंची मुलगी प्रतिभा वर्ध्याला दवाखान्यात होती, पहिलं बाळंतपण. पहाटे मुलगी झाल्याचा फोन आला होता आणि भाऊंनी पेढे मागवले होते. पेढ्यांचा खोका टेबलावर उघडाच होता, तेवढ्यात जावयाचा दुसरा फोन आला. रक्तस्राव थांबत नव्हता. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत होत्या त्या दोन बाटल्या चढवून झाल्या, चालेल असा दुसरा कुठलाही गट शिल्लक नव्हता.

रमेशभाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुही यादी हाय ना? काढ."

मला तेव्हा भीती वाटली नाही, हे आज आठवलं की जास्त भीती वाटते. मला वाटला तो अभिमान. यादी याच क्षणासाठी तर होती! मी बी निगेटिव्ह शोधलं. पाच नावं निघाली, मी ती छापून घेतली. सेंटरमध्येच असलेल्या शोभाताई एका फोनवरून, मी दुसऱ्यावरून. दोघांनी गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. एक कामासाठी पुण्याला गेलेला. चौथ्याचा फोन वाजत राहिला. उरला अल्लीपूरचा सुरेश महादेव. तो फोन मी लावला.

"हो, मी सुरेश महादेवच बोलून राह्यलो," पलीकडून आवाज आला. मागे शिवणयंत्राची घरघर.

"वर्ध्याला एका बाईला रक्त हवंय. ताबडतोब. याल का?"

"येतो ना. निंघतोच."

मी त्याला गट विचारला नाही. यादीत होता, विचारायचं कशाला? तो फोन शोभाताईंनी केला असता तर त्यांनी विचारला असता.

शोभाताई फोनपाशी थांबल्या. मी रमेशभाऊंना मोटरसायकलवर मागे बसवून निघालो. ते एरवी वाटेतल्या प्रत्येक कापूस जिनिंगवाल्याची कुंडली सांगत. त्या दिवशी मागे कुणी बसलंय की नाही हेही कळत नव्हतं. फक्त माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता.

रक्तपेढीच्या बाकावर एक सडपातळ माणूस आमची वाट पाहत होता. गळ्यात अजून माप घ्यायची टेप. काढायची विसरून तसाच आला होता. रमेशभाऊंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्याला आत नेलं. आम्ही बाहेर बसलो. वरच्या मजल्यावर प्रतिभा होती, जावई जिन्यात उभा राहून एकदा वर पाही, एकदा आमच्याकडे.

दार उघडून रक्तपेढीतले तंत्रज्ञ बाहेर आले. "यांना बी निगेटिव्ह कोणी सांगितलं? हे बी पॉझिटिव्ह आहेत."

मी हातातला कागद पुढे केला. "यादीत आहे."

"यादी मला माहीत नाही. मी थेंब पाहिलाय, दोनदा." दार लागलं.

पायांखाली काहीतरी सरकतं म्हणतात ना, तसं मला झालं नाही. माझ्या अंगात भरली ती थंडी. ऑक्टोबरच्या उन्हात माझे दात वाजायला लागले. या लोकांनी तपासलं नसतं तर? ते तपासतातच, ते मला माहीत होतं. तरीही माझ्या डोळ्यांसमोर ती न तपासलेली बाटली टांगलेली राहिली. आणि तपासलं म्हणून वर निजलेल्या पोरीला काय मिळालं होतं? आम्ही एक तास घालवला होता. तिच्याजवळ असे किती तास होते?

टेलर सुरेश बाहेर आला, बाही खाली करत. आमचे चेहरे पाहून त्याला कळलं. तो थोडा वेळ घुटमळला, मग म्हणाला, "तुमाले दुसरा सुरेश पायजे असन."

"दुसरा कोण?" रमेशभाऊ उठून उभे राहिले.

"आमच्या गावात अजून एक सुरेश महादेव हाय ना. शिबिरात माह्या मागंच उभा होता. तो... त्या बाजूचा."

"कोणत्या बाजूचा?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा कीव आल्यासारखं. "बापू, गावाले बाजू असतात. तुमाले समजते."

समजलं होतं.

रमेशभाऊंनी खिशातला मोबाईल त्याच्या हातात दिला. त्याने घरी, म्हणजे दुकानात, बायकोला फोन लावला. "शालू, मशीन बंद कर. त्या बाजूच्या मोटरवाल्या सुरेशकडे जा. वर्ध्याले लगेच येजो म्हनाव, बाईचा जीव हाय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तो ओरडला, "नाई, निरोप नको धाडू! तूच जा. आत्ता!"

मग वाट पाहणं. वाट पाहताना मला उलगडलं. माझ्याकडे दोन याद्या होत्या. पहिली शिबिराच्या फॉर्मची: नाव आणि गट. त्यात टेलर आधी, त्याच्या मागे तो दुसरा. प्रोग्रॅमने टेलरचा डबा बनवून त्यात बी पॉझिटिव्ह ठेवलं, मग दुसऱ्याचं नाव आलं, चिठ्ठी तीच, म्हणून पहिलं फेकून बी निगेटिव्ह ठेवलं. दुसरी यादी फोन नंबरांची, ती शोभाताईंनी नंतर जमवलेली. तिच्यात क्रम उलटा असणार, आणि नंतर पाहिलं तर तसाच होता. आधी त्या दुसऱ्याचा, शेजारच्या किराणा दुकानातला नंबर, मग टेलरचा. म्हणून फोन टेलरचा उरला. दोन जिवंत माणसांचा मिळून मी एक माणूस बनवला होता, जो अल्लीपुरात कुठेही राहत नव्हता. एकाचं रक्त, दुसऱ्याचा फोन. आणि स्क्रीन स्वच्छ.

आडनाव असतं तर डबे दोन झाले असते.

रमेशभाऊंनी विचारलं, "काऊन झालं हे?" मी सांगितलं. डब्यांसकट सगळं सांगितलं, कारण लपवणं मला शिकवलेलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुह्या तत्त्वाले माहीच पोरगी भेटली का रे?"

मी हातातला कागद पुन्हा वाचू लागलो.

टेलर परत गेला नाही. "आलोच आहो त घ्या माहं रक्त. कोनाच्या तरी कामी येईन," असं म्हणत तो पुन्हा आत गेला. जावई एकदा खाली येऊन सांगून गेला की प्रतिभा बोलत नाही, फक्त पाहते. फाटकाशी काळीपिवळी जीप थांबली की मी उठायचो. दोन गाड्या रिकाम्या गेल्या.

तिसरीतून तो दुसरा सुरेश उतरला. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, हातांना मोटरीच्या व्हार्निशचा वास. "कुटं द्याचं?" एवढंच विचारून सरळ आत गेला. या वेळी दार उघडलं तेव्हा तंत्रज्ञांनी नुसती मान हलवली. जुळवणी झाली, पिशवी वर गेली. उन्हं कलायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, रक्तस्राव थांबलाय. रमेशभाऊ बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

मग ते त्या दुसऱ्या सुरेशकडे गेले. "पूर्ण नाव काय तुमचं?"

आता हे काय विचारतात, का विचारतात!

"सुरेश महादेव नगराळे."

रमेशभाऊंनी माझ्या हातातला तो छापील कागद घेतला, शेवटच्या ओळीपुढे समासात पेनाने 'नगराळे' लिहिलं, कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. मग त्याला चहाला घेऊन गेले. मला बोलावलं नाही.

आठवड्याने मी अल्लीपूरला गेलो. गावाच्या टोकाला एका टपरीत नगराळे विहिरीवरच्या पंपाची मोटर भरत बसला होता, तांब्याची तार हाताने गुंडाळत. मी माफी मागितली. ती मागताना आडनाव का काढलं याचं कारणही सांगायला लागलो. माणसाने आडनावावरून ओळखलं जाऊ नये, वगैरे.

"समजलं," तो म्हणाला. हात थांबला नव्हता. "तुमच्या बाबाचं पत्रक वाचलं हाय मी. चांगलं होतं."

"मग..."

"पन मले विचारलं होतं का तुमी? का सुरेश, तुह्यं आडनाव काढू का?"

त्याने तारेचा पुढचा वेढा घातला.

"माह्या बापानं शाळेच्या दाखल्यावर हेच आडनाव भांडून लिवाले लावलं. मास्तर नुसतं सुरेश महादेव लिवत होता. म्हने, तुमाले कायले पायजे? आता मी रक्त देतो त पुऱ्या नावानं देतो. लिवा. भेव वाटत असन त ते तुमाले वाटते, मले नाई." मग एकदम बोट वर करून मला थांबवलं आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटला. पुटपुटणं संपल्यावर म्हणाला, "वेढे मोजून राह्यलो. चुकले त मोटर लगेच बोंबलत नाई. चालते. मंग एक दिवस धूर निंघते. तुमी मोजत नाई का तुमच्या कामात?"

मी मोजत नव्हतो.

परत येऊन पहिल्यांदा मोजलं. फॉर्म किती, आणि यादीतले डबे किती. अकरा माणसं कमी भरली. अकरा जण गुपचूप नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी काही न जन्मलेली माणसं यादीत बसली होती, एकाच्या गटासह, दुसऱ्याच्या फोनसह. त्या दिवसांत फोन वाजला की मी दचकायचो. शोभाताईंनी आणि मी फॉर्म समोर घेऊन एकेकाला पुन्हा फोन केला. काहींसाठी गावात जावं लागलं. शोभाताईंनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, आणि दर फोनला ते मला ऐकू येत होतं.

आता प्रत्येक डब्यावर चिठ्ठी नावाची नाही, फॉर्मच्या क्रमांकाची आहे. तो कुणाचा दुसऱ्याशी जुळत नाही. नाव डब्याच्या आत, जसं ज्याने सांगितलं तसं. कुणी आडनाव देतं, कुणी देत नाही. मी माझं अजूनही देत नाही. प्रोग्रॅमच्या शेवटी दोन ओळी वाढवल्या: फॉर्म आणि डबे मोजून पाहा, आणि आकडे जुळले नाहीत तर यादी दाखवूच नका, लाल अक्षरांत ओरडा.

प्रतिभाची मुलगी आता चालते. सेंटरमध्ये येते आणि प्रिंटरमधून कागद ओढते. रमेशभाऊ पुन्हा मला पत्रकवाले म्हणायला लागले, पण पहिल्यासारखं हसून नाही. तो घडीचा कागद त्यांच्या गल्ल्यात देवाच्या फोटोमागे आहे.

रक्तासाठी फोन आला की मी यादीतल्या दात्याला फोन लावतो. यादी समोर उघडी असते, नाव, गाव, गट, सगळं दिसत असतं, स्क्रीन स्वच्छ असते. मी ती वाचून दाखवत नाही. म्हणतो, "तुमचं नाव आणि गट तुम्हीच सांगा." आणि पलीकडचा माणूस बोलेपर्यंत श्वास रोखून धरतो.